जावईबापूंचा बिनतेली टर्बो

४ जानेवारी

ही वही तेलाच्या कंपनीने फुकट दिलेली आहे. कव्हरवर एक सोनेरी थेंब आणि खाली लिहिलंय की तेल हाच इंजिनाचा प्राण. दर वर्षी अशा वह्यांचा गठ्ठा येतो. त्यातली एक हिने आज माझ्यापुढे टाकली. रक्तदाब वाढलाय, चिडायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. हिचं म्हणणं, "चिडायचं तर वहीवर चिडा. वही उलट बोलत नाही आणि रुसून माहेरीही जात नाही."

ठीक आहे. चिडतो.

सुरुवात जावईबापूंपासून. दुसरं आहे कोण?

जावईबापू इंजिनियर. मोठ्या कारखान्यात एसीत बसून कॉम्प्युटरवर इंजिनं काढायचे. गेल्या वर्षी त्यांना साक्षात्कार झाला की आपल्याला खऱ्या गाड्या बांधायच्या आहेत. नोकरी सोडली, आमच्या चिमूला घेऊन आमच्याच वरच्या मजल्यावर राहायला आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या वर्कशॉपच्या दारात उभे. "बाबा, काय करू?" म्हटलं, झाडू कोपऱ्यात आहे. त्यांनी खरंच झाडू घेतला आणि कोपऱ्यापासून झाडायला लागले. अशा माणसाला टोमणा मारण्यात काही राम नाही.

आम्ही जुन्या गाड्या घेतो आणि मालकाला हवी तशी नवी गाडी बांधून देतो. मी चाळीस वर्षं हेच केलं. गिऱ्हाईक आलं की आधी ऐकायचं, मग त्याला काय हवंय ते आपण त्याला सांगायचं. जावईबापू उलट करतात. गिऱ्हाइकाला विचारतात, "तुमचं काय मत?" गिऱ्हाइकाला मत असतं तर ते आमच्याकडे कशाला येईल?

७ जानेवारी

आज दातांचा डॉक्टर आला. याची एक जुनी दोन दारांची गाडी आहे, लग्नाआधीपासूनची. हा तिला बायकोपेक्षा जास्त जपतो, आणि बायको शेजारी उभी असताना तसं सांगतो. त्याला गाडीत टर्बो हवा. टर्बो म्हणजे सायलेन्सरच्या वाटेने फुकट जाणाऱ्या गरम धुरावर फिरणारी चक्री. ती इंजिनात जास्तीची हवा कोंबते आणि गाडी दात-ओठ खाऊन पळते. तो दातवाला, त्याला आवडणारच.

मी बॉनेट उघडलं. आत बोट घालायला जागा नाही. म्हटलं, इंजिन बदला.

जावईबापू खाली वाकून गाडीच्या पोटात बघत होते. म्हणाले, "बाबा, टर्बो मागे लावला तर? सायलेन्सरच्या जागी?"

"आणि तेल?" मी विचारलं. चक्रीचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. त्याला बारीक नळीतून इंजिनातलं तेल सतत पाजावं लागतं, आणि ते तेल जाड नळीतून परत इंजिनात उतरावं लागतं. टर्बो गाडीच्या शेपटाला लावल्यावर तेल उलटं वर चढणार कसं? "तुम्ही मागे बसून फुंकणार का?"

"तेल लागणारच नाही," जावईबापू म्हणाले. "बिनतेली टर्बो मिळतो आता. सिरॅमिकचे बेअरिंग, आत खास ग्रीस भरून कायमचं बंद केलेलं. ना नळी जायची, ना यायची. गळती नाही, तापलेल्या लोखंडावर तेल पडून आग लागायची भीती नाही. गाडी पळवून आणली की टर्बो गार होईपर्यंत इंजिन चालू ठेवत बसायलाही नको, कारण जळून कोळसा व्हायला आत तेलच नाही."

दातवाल्याचे डोळे चमकले. बिनवेदनेचा दात काढतो असं सांगितल्यावर त्याच्या पेशंटचे चमकत असतील तसे.

बिनतेली! तोंडात जीभ नसलेला वकील कुणी बघितलाय का?

१२ जानेवारी

रात्रीच्या जेवणाला विषय निघाला. मीच काढला. म्हटलं, जावईबापू, तुमचा एवढा विश्वास आहे ना त्या सुक्या चक्रीवर? मग ही गाडी तुमची. मी हात लावणार नाही. गाडी नीट चालली तर वर्कशॉपच्या किल्ल्या तुमच्या, मी खुर्ची टाकून पेपर वाचत बसेन. नाही चालली तर तुमच्या जुन्या साहेबाने जागा ठेवलीच आहे मार्चअखेरपर्यंत. तिकडे जा, कॉम्प्युटरवर काढा काय काढायचं ते.

चिमू म्हणाली, "बाबा, ते गेले म्हणजे मीही जाणार ना. एवढ्या लांब."

म्हटलं, "मग? लग्न करून दिलंय तुझं."

ही म्हणाली, "तुम्हाला रक्तदाबाची गोळी देऊ की सगळी बाटलीच देऊ?"

जावईबापू म्हणाले, "कबूल आहे बाबा." आणि माझ्या ताटात भाजी वाढली. मला नको होती.

१९ जानेवारी

आमच्या वर्कशॉपमध्ये एक नियम आहे. माझा नियम. बोल्ट पुरता आवळला की ज्याने आवळला त्याने बोल्टच्या डोक्यावरून खालच्या लोखंडापर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढायची. बोल्ट कुणी हलवला तर रेघ तुटते, लगेच कळतं. प्रत्येकाचा रंग वेगळा. पांढरा माझा. दुसऱ्याच्या रेघेला हात लावायचा नाही, लावायचाच तर त्याला विचारून. एका मिस्त्रीने एकदा माझी पांढरी रेघ मला न विचारता मोडली होती. हात सोन्याचा होता त्याचा. त्याच दिवशी घरी पाठवला. रेघ म्हणजे शब्द. ज्याला दुसऱ्याचा शब्द कळत नाही त्याला पाना कशाला द्यायचा?

जावईबापूंना पिवळा रंग दिलाय. त्यांच्या रेघा बघवत नाहीत. हात थरथरतो, आणि सवय डावखुरी, त्यामुळे रेघ शेवटी डावीकडे वळते, शेपूट हलवणाऱ्या पालीसारखी. माझ्या रेघा बघा. पट्टी लावून ओढल्यासारख्या. एवढी शिकलेली माणसं, शाळेत रेघा ओढायला शिकवत नाहीत का?

३ फेब्रुवारी

टर्बो आला. खोक्यात स्पंजमध्ये झोपवलेला, बाळासारखा. माथ्यावर एक बारकं झाकण, दोन बोल्टांचं. वर लाल चिकटपट्टी, तिच्यावर छापलेलं, उघडू नये. बरोबर चाळीस पानांचं पुस्तक. आमच्या जुन्या टर्बोबरोबर काही येत नसे. आम्ही बघायचो आणि आम्हाला कळायचं.

जावईबापूंनी पुस्तक वाचलं. मग परत वाचलं, पेन्सिल घेऊन. मग टेबलावर शिकंज्यात धरून, हवा सोडून, चक्री फिरवत बसले. आख्खी दुपार. दांड्यात खेळ येतो का बघायला दर थोड्या वेळाने थांबवायचे, बोटाने हलवायचे. म्हटलं, "काय, नाडी लागते का?"

"लागते बाबा," म्हणाले. "पण खरं सांगू, हे ग्रीस किती वर्षं टिकेल ते कंपनी सांगते तेवढंच मला माहीत आहे. उष्णता फार असते. म्हणून मागे लावणं बरं, तिथपर्यंत धूर थोडा गार होतो. आणि दर सर्व्हिसला दांडा तपासावा लागेल. डॉक्टरांना तसं लिहूनच देणार आहे."

ज्या वस्तूवर विश्वास आहे तिच्याबद्दल कुणी असं बोलतं का? विकायची अक्कल नाही. मी असतो तर छातीवर हात मारून सांगितलं असतं.

९ फेब्रुवारी

टर्बो चढवला. पाइप त्यांनी स्वतः वाकवून जोडले. वेल्डिंग बरं आहे. बरं म्हणजे, मी केलं असतं तर बघायला माणसं बोलावली असती. लाल पट्टी काढून फेकली, का विचारलं तर म्हणाले, "तापली की जळून चिकटेल." मग झाकणाच्या दोन्ही बोल्टांवर पिवळी रेघ ओढली. वाकडी. अर्थातच.

मी लांबून बघितलं. हात लावणार नाही म्हटलं म्हणजे नाही.

१३ फेब्रुवारी

आज पहिल्यांदा गाडी चालू करायची होती. जावईबापू सकाळी दातवाल्याला आणायला गेले, त्याला तो पहिला आवाज ऐकायचा होता. काय हौस! मी एकटाच होतो. गाडी वर उचललेली, पोट माझ्या डोळ्यांसमोर.

चाळीस वर्षांत मी एकही टर्बो कोरडा चालू केलेला नाही. नवा टर्बो बसवला की आधी तेलाच्या कुपीने आत चार थेंब सोडायचे, चक्री बोटाने फिरवायची, मग चावी. आईच्या हातून अंगाला तेल लागल्याशिवाय तान्हं मूल पाण्यात घालतं का कुणी? हे चाळीस पानांत लिहिलेलं नसतं.

म्हणून झाकण उघडलं. हे काही कामात हात घालणं नव्हे. ही माणुसकी. आत पिवळसर लोण्यासारखं काहीतरी होतं, चमचाभरसुद्धा नाही. एवढ्यावर लाख फेरे! कीव आली. चार थेंब सोडले. दिसेनात, म्हणून आणखी सोडले. कुपी तशी अर्ध्याहून कमीच राहिली. झाकण लावलं, आवळलं. पिवळ्या डबीत कुंचला बुडवून दोन्ही रेघा परत ओढल्या. हसू आलं, पिवळ्या रंगातही काय सरळ येते माझी रेघ.

ते आले, चावी फिरवली, गाडी लागली. आवाज गोड. अगदी मऊ शीळ. दातवाला टाळ्या वाजवायला लागला. जावईबापूंनी माझ्याकडे बघितलं आणि लहान मुलासारखे हसले.

बिनतेली म्हणे. हसून घ्या.

१६ फेब्रुवारी

दातवाल्याला घेऊन जावईबापू लांब रस्त्यावर गेले होते. परत आले ते टोचन गाडीमागे.

मागून पांढरा धूर निघाला, म्हणे. आधी कमी, मग एवढा की मागची गाडी दिसेना. मग शीळ बदलली, किंचाळल्यासारखी झाली, आणि ताकद गेली. दातवाला रागाने पांढरा पडला होता. मला म्हणाला, "मी तुमच्याकडे दात साफ करायला दिला होता, तुम्ही जबडाच काढून हातात दिला."

मी म्हणणार होतो, बिनतेली औषध तुम्हीच मागितलंत. पण त्याआधी जावईबापू पुढे झाले. "डॉक्टर, चूक माझी. टर्बोची नाही. मी सगळं परत करून देतो. तुम्हाला एक पैसा लागणार नाही."

अजून उघडूनही बघितलं नव्हतं! कारण माहीत नाही, काही नाही, सरळ मान खाली. मी असतो तर आधी पेट्रोलला दोष दिला असता, मग रस्त्याला, मग डॉक्टरच्या पायाला. चाळीस वर्षांत मी एकाही गिऱ्हाइकापुढे "चूक माझी" म्हटलेलं नाही. या माणसाला कणाच नाही. असा माणूस वर्कशॉप कसं चालवणार?

मी बरोबर होतो. हे लिहून ठेवतो. मी बरोबर होतो.

१८ फेब्रुवारी

जावईबापूंनी टर्बो उतरवून टेबलावर घेतला. उघडण्याआधी खुर्ची ओढून नुसते बघत बसले. झाकणाकडे. किती वेळ! हातातला पाना तसाच. स्वतःच्या रेघेवर एवढं प्रेम मी कुणाचं बघितलं नाही.

मग विचारलं, "बाबा, मी डॉक्टरांना आणायला गेलो होतो तेव्हा इथे कोण होतं?"

म्हटलं, "मी होतो. का? माझंच वर्कशॉप आहे अजून."

"हो ना," म्हणाले. "तेच."

मग झाकण उघडलं. आतलं ते लोणी वितळून काळं पाणी झालं होतं. त्यांनी बोटावर घेतलं, चोळलं, वास घेतला. मी म्हटलं, "बघा. टिकलं नाही तुमचं मलम."

"नाही टिकलं," म्हणाले. एवढंच. भांडले असते तर जरा तरी मान दिला असता मी.

२० फेब्रुवारी

वरून खोकी सरकवल्याचे आवाज येतात. चिमू सामान बांधते आहे. चिमूने सकाळी चहा आणून दिला आणि जरा उभी राहिली. लहानपणी गाडीखाली झोपून मला पाने द्यायची तशीच, कपाळावर काळा डाग. कुठून आणला कुणास ठाऊक, बहुतेक त्या खोक्यांवरून. म्हटलं, तोंड पूस.

ही म्हणाली, "झालं ना मनासारखं?"

म्हटलं, "यात माझ्या मनाचा काय संबंध? तो टर्बोच वाईट."

मनासारखंच झालंय. मला झोप लागत नाही ती गुडघ्यांमुळे.

२३ फेब्रुवारी

आज एक गंमत झाली. लिहिताना हात थांबत नाहीये.

जावईबापू टेबलापाशी फोनवर होते, टर्बोच्या कंपनीतल्या माणसाशी. हात काळे म्हणून फोन खाली ठेवून स्पीकरवर. मी रंगाच्या डब्यांमागे होतो. त्यांनी मला पाहिलं की नाही, कल्पना नाही. तो माणूस सांगत होता, "साहेब, तुम्ही पाठवलेले फोटो बघितले. यात बाहेरचं तेल गेलंय. इंजिनातलं पातळ तेल. त्याने आमचं ग्रीस धुऊन काढलं, आणि सील तेल धरायला केलेलंच नाही, म्हणून धूर. आमचे टर्बो असे जात नाहीत. तेल कुणी घातलं?"

जावईबापूंनी काळे हात फडक्याला पुसले. मग म्हणाले, "मी."

"तुम्ही? पुस्तक वाचलं नव्हतं का?"

"वाचलं होतं. सवय असते हो. माया असते. कोरडं चालवायला मन धजत नाही."

मी डब्यांमागे तोंडावर हात दाबून उभा. म्हणजे यांनीसुद्धा घातलं! बाहेर बिनतेलीचं कीर्तन आणि आतून गुपचूप कुपी! माझे थेंब ते केवढे, आणि यांनी किती ओतलं असेल देव जाणे. टर्बो गेला तो यांच्या तेलाने. आणि मला वाटत होतं की या माणसाच्या अंगात मिस्त्रीचं रक्तच नाही.

संध्याकाळी हिला सांगितलं. हिने हातातलं लाटणं खाली ठेवलं. "तेल जावईबापूंनी घातलं?"

"माझ्या कानांनी ऐकलं."

"आणि तुम्ही नाही घातलंत?"

"मी आपले चार थेंब. शास्त्रापुरते."

ही माझ्याकडे बघत राहिली. लग्न ठरवायला मी पहिल्यांदा हिच्या घरी गेलो होतो आणि गाड्यांबद्दल तासभर बोललो होतो, तेव्हा बघत होती तशी. मग म्हणाली, "तुम्हाला देवाने डोळे कशाला दिले असतील हो?" आणि लाटायला लागली. बायकांना यंत्रातलं काही कळत नाही.

२४ फेब्रुवारी

गुडघे दुखत असताना वर गेलो. जिना चढून. खोक्यांवर चिमू बसली होती आणि जावईबापू दोरी बांधत होते. म्हटलं, "दोरी सोडा. एक संधी आणखी देतो."

जावईबापू म्हणाले, "बाबा, कबूल केलं होतं मी."

"मी ऐकलं काल फोनवर. तेल घालणारा माणूस वाईट नसतो. मूर्ख असतो, पण वाईट नसतो. फक्त या वेळी कुपी लांब ठेवा."

चिमूने नवऱ्याकडे पाहिलं. जावईबापूंनी तिच्याकडे पाहून हळूच मान हलवली, नाही म्हणतात तशी. ती तोंडाला पदर लावून आत गेली. रडत होती की हसत होती, कळलं नाही. कसला तरी अतिरेकच.

"ठेवतो बाबा," जावईबापू म्हणाले. "कुपी लांब ठेवतो."

५ मार्च

दुसरा टर्बो आला. जावईबापूंनी तो आणायला आपली मोटारसायकल विकली. कंपनीने फुकट दिला असता कदाचित, पण "मी घातलं" म्हटल्यावर कोण देणार? खोटं बोलायचीही अक्कल लागते. आता कामाला चालत जातात-येतात. बरं झालं, त्या मोटारसायकलला आवाजच नव्हता, कधी आले कळायचंच नाही.

टर्बो चढवला, सगळं आवळलं. मी पिवळी डबी पुढे केली. त्यांनी घेतली नाही. पांढरी उचलून माझ्या हातात दिली.

"बाबा, या वेळी झाकणावरची रेघ तुम्ही ओढा."

"का? माझं काम नाही हे."

"माझा हात थरथरतो. तुमच्यासारखी रेघ इथे कुणाला जमत नाही. मला तर कधीच नाही."

इतक्या दिवसांत पहिलं शहाणपणाचं वाक्य. आधी पान्याने दोन्ही बोल्ट तपासले, कारण न तपासता मी रेघ ओढत नाही. मग ओढली. दोन रेघा. बघत राहावं अशा.

७ मार्च

सकाळी वर्कशॉप उघडलं. जावईबापू नेमके आज रोजच्यासारखे लवकर आले नव्हते. दातवाल्याला आणायला गेले होते. गाडी वर, पोट समोर. आणि माझी कुपी खिळ्यावर जिथे असते तिथेच, भरलेली. लांब ठेवतो म्हणाले होते. हा यांचा शब्द!

हात शिवशिवला हे खरं. कोरडी चक्री, पुढे लांबचा चढ. दोन थेंबांनी काय बिघडतं? कुपी काढली, गाडीखाली गेलो, पाना लावला.

समोर माझी पांढरी रेघ.

आता स्वतःची रेघ स्वतः कशी मोडायची? मोडली तरी परत ओढता येईल, तीही तितकीच सरळ. पण मला माहीत राहील ना. थोडा वेळ तसाच उभा राहिलो. वर बघून मान अवघडली. कुपी परत खिळ्यावर टांगली. मरो. जळाला तर जळो कोरडाच. माझा नाही तो.

दुपारी चालवून आणली. मलाही नेलं, मागच्या सीटवर, गुडघे हनुवटीला. दातवाला पुढे. चढाच्या पायथ्याशी जावईबापूंनी पाय दाबला आणि माझी पाठ सीटला चिकटली. दातवाला ओरडला, "अगाई!" मी मागच्या काचेतून धुराकडे बघत होतो. सबंध चढभर बघत होतो. धूर नव्हता. माथ्यावर थांबलो, लगेच इंजिन बंद केलं, थंड व्हायला उभं राहावं लागलं नाही. खाली वाकून बघितलं. पाइप कोरडा खडखडीत. एक थेंब नाही कुठे. गाडीखाली थेंब नाही हे बघायची सवयच नाही मला, कसंतरी वाटतं.

दातवाला म्हणाला, "बाबा, कबूल करा."

म्हटलं, "आज चालली. पावसाळ्यानंतर भेटा."

"बाबा बरोबर बोलतायत," जावईबापू म्हणाले. "पावसाळ्यानंतर दांडा तपासायला आणाच."

माझ्या बाजूने बोलायलाही यांना कुणी सांगितलं होतं? चांगलं भांडण हातचं घालवलं.

१० मार्च

किल्ल्या दिल्या. बोललो होतो म्हणून दिल्या. चिमूने वरची खोकी सोडली, दोन दिवस नुसता वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या कपबश्यांचा आवाज. जावईबापूंनी किल्ल्या घेतल्या आणि परत माझ्यापुढे धरल्या. "शटर तुम्हीच उघडत जा बाबा. मला जड जातं."

शटरसुद्धा उघडत नाही यांच्याने. कुणाच्या हातात दिलंय मी वर्कशॉप!

दातवाल्याने दोन मित्र पाठवलेत. दोघांनाही बिनतेलीच हवा. साथ पसरल्यासारखं चाललंय.

२२ मार्च

खुर्ची टाकून पेपर वाचत होतो. पेपरात काही नव्हतं, म्हणून फळ्यांवर नजर गेली. वरच्या फळीवर, चांगल्या हत्यारांच्या रांगेत, तो मेलेला टर्बो पुसून ठेवलेला. झाकणासकट.

म्हटलं, "जावईबापू, ते भंगार फळीवर कशाला?"

ते खाली कामात होते. नुसता आवाज आला. "राहू द्या बाबा. वर्कशॉपमधली सगळ्यात सरळ पिवळी रेघ आहे ती."

म्हटलं, आपल्या रेघेचं आपणच कौतुक! कमाल आहे. पण उठून जवळून बघितलं, आणि खरंच, रेघ उत्तम होती. कुठे थरथर नाही, शेवटी डावीकडे वळलेली नाही. मनात म्हटलं, शिकतोय माणूस.

दुपारी जेवायला बसलो. पहिला घास हातात होता, तेव्हा मला आठवलं ती रेघ कुणी ओढली होती.

ही म्हणाली, "काय झालं? खडा लागला का?"

म्हटलं, "हो."